दादाच्या कॉम्प्युटरमधला पत्ता

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी शूर वाटले तर तो तुमचा गैरसमज. पाल दिसली की मी पलंगावर चढते. दारात पोलीस दिसला तर काही केलेलं नसतानाही माझे हात गार पडतात. अशा बाईने घरातून निघून गेलेल्या मुलीचं गुपित सांभाळायला घेतलं, आणि तेही एका गेमच्या भरवशावर.

ती मुलगी म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मावशीचं घर अकलोलीला, गरम पाण्याच्या कुंडांपासून दहा मिनिटांवर. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या आम्ही दोघींनी तिथे काढल्या. तिचा साखरपुडा झाला आणि सोळाव्या दिवशी ती घरातून निघून गेली. कुणाबरोबर नाही, एकटीच. मुलगा वाईट नव्हता, पण तिला नको होता, आणि हे तिने घरात चार वेळा सांगितलं होतं. चारही वेळा तिला सांगण्यात आलं की सगळ्याच मुली असं म्हणतात.

तिचा मोठा भाऊ, ज्याला मीही दादाच म्हणते, सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "गावली का तंगडी तोडून घरात बसवीन, आन् मंग लगीन लावीन." दादा बोलतो ते करतो. मला न विचारता कॉलेजच्या सहलीला गेलीस तर पुस्तकं जाळीन, असं तो एकदा तिला म्हणाला होता. ती गेली आणि त्याने अंगणात पुस्तकं जाळली. मी तेव्हा तिथेच ओटीवर उभी होते आणि एक अक्षर बोलले नव्हते.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी दादा आमच्याकडे भिवंडीत कामतघरला आला. चहा घेण्याआधीच त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि सगळं चाळून बघितलं. माझे वडील तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढलेला माणूस, मुकादमाशी भांडायला मागेपुढे न बघणारा. तेही खाली मान घालून बशीतला चहा पीत राहिले. फोनमध्ये काही सापडलं नाही, कारण तिने मला फोन केलाच नव्हता. पण त्या दिवसापासून माझ्या फोनवर काहीही येऊ शकत नाही, हे मला कळलं होतं. तिला बहुतेक ते आधीच कळलं होतं.

आता गेमचं सांगते. ठोकळे रचून घरं, डोंगर, गावं बांधायचा तो गेम. मी एका गोडाऊनमध्ये बिलिंगच्या कॉम्प्युटरवर बसते, आणि घरी आल्यावर या गेमसाठी मॉड बनवते. मॉड म्हणजे मूळ गेमला आपण लिहून जोडलेला कोड. माझ्या मॉडमध्ये चालणारे लूम होते, वाफा येणारी कुंडं होती, आणि दादाच्या हट्टापायी शर्यतीचे बैल होते. हो, दादाही खेळायचा. वज्रेश्वरीला त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तो तिथल्या कॉम्प्युटरवर शर्यतीचा ट्रॅक बांधत बसायचा. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, माझीही सुट्टी तेव्हाच, म्हणून शुक्रवारी दुपारी आम्ही आठ-दहा मावस-मामेभावंडं एकत्र खेळायचो, निघून जाण्याआधी तीही.

एकत्र खेळायचं तर एक सर्व्हर लागतो. आमचा सर्व्हर म्हणजे ऑफिसने भंगारात काढलेला एक सीपीयू, आमच्या खोलीत गव्हाच्या डब्याशेजारी ठेवलेला. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. कुठे काय बांधलंय, कुणाच्या पेटीत काय आहे, हे खरं काय ते त्यालाच माहीत. खेळणाऱ्यांचे आपापल्या घरातले कॉम्प्युटर म्हणजे क्लायंट. सर्व्हर सांगेल ते चित्र काढून दाखवायचं, एवढंच त्यांचं काम. मॉड लिहिणाऱ्याने हे दोन भाग वेगळे ठेवायचे असतात. मी ठेवले नव्हते. एकटी खेळून बघताना सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही माझ्याच कॉम्प्युटरमध्ये चालत, त्यामुळे सगळं मस्त चाले आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेई. तोच मॉड त्या बिनस्क्रीनच्या सीपीयूवर टाकला तर सुरूच होईना. बैलाची शिंगं काढायचा कोड सर्व्हरच्या कोडमध्ये घुसला होता, आणि ज्याला स्क्रीनच नाही तो शिंगं काढणार कशावर?

मग मी बसून वाटणी केली. हे सर्व्हरचं, हे क्लायंटचं. साधा नियम धरला: जे जे दाखवण्याशी संबंधित, ते सगळं क्लायंटकडे. या नियमात एक चिठ्ठीची पेटीही गेली. पेटीत चिठ्ठी टाकली की ती फक्त नाव लिहिलेल्या माणसाला दिसे. भावंडं तिचा उपयोग एकमेकांना शिव्या घालायला करत.

एका शुक्रवारी अनोळखी नावाचा एक खेळाडू आला आणि त्याने मला चिठ्ठी टाकली. लहानपणी मला ज्या नावाने फक्त एकच मुलगी चिडवायची, ते नाव त्यात होतं. मी तोंडावर हात दाबून बसले. आई शेजारीच धागे कापत होती. बाकीच्या भावंडांनी विचारलं, हा कोण नवीन? मी म्हटलं, माझ्या ऑफिसातली मैत्रीण. दादाने तिला शर्यत बघायला बोलावलं. ती गेलीसुद्धा. स्वतःच्या भावाच्या ट्रॅकशेजारी उभी राहून तिने त्याचे बैल बघितले आणि मला चिठ्ठी टाकली, "जाडे केलेत ना याने बैल?" मी हसले आणि घाईने चिठ्ठी बंद केली.

असं दोन-अडीच महिने चाललं. ती एका गावात नोकरीला लागली होती, बायकांच्या वसतिगृहात राहत होती. कुठल्या गावात ते मी इथेही लिहिणार नाही. उन्हाळा आला, आईने कुरडया घातल्या, आणि मला उमाळा आला. मी चिठ्ठी टाकली, पत्ता दे, कुरडया पाठवते. ती नको म्हणाली. मी पुन्हा मागितला. तिने दिला. वसतिगृहाचं नाव, गल्ली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, खोली नंबर, सगळं.

त्याच दुपारी दादाचा गेम बंद पडला. कुणाचाही गेम बंद पडला की लॉग फाइल मला पाठवायची, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. लॉग म्हणजे गेम चालू असताना कॉम्प्युटर आपल्यापुरती जी नोंद लिहीत जातो ती. कुठे अडलं ते त्यात सापडतं. दादाने दुकानातून फाइल फोनवर घेतली, मला पाठवली आणि खाली लिहिलं, "तुजं बैल मेलं. बग काय झालं."

मी फाइल उघडली. अडलेली जागा तळाशी असते म्हणून तळाला गेले, मग कारण शोधायला वर सरकले. तिथे माझ्या चिठ्ठ्या होत्या. माझ्या आणि तिच्या. पत्ता दे. नको. अगं दे. आणि मग तो पत्ता, खोली नंबरासकट. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझ्याच कोडने लिहिलेला एक शब्द होता: "लपवली".

मला आधी काही कळेचना. माझीच फाइल मी चुकून उघडली की काय, म्हणून मी पुन्हा वर जाऊन बघितलं. फाइल दादाच्याच कॉम्प्युटरची होती. मग कळलं. कोणती चिठ्ठी कुणाला दाखवायची, हा विचारही मी दाखवण्यातलाच समजून क्लायंटच्या गळ्यात टाकला होता. सर्व्हर प्रत्येक चिठ्ठी सगळ्यांना पाठवत होता. ज्याची नाही त्याचा कॉम्प्युटर ती घ्यायचा, नोंद करायचा आणि गप्प बसायचा. नोंदीची ती ओळही मीच तपासायला म्हणून घातली होती आणि काढायची विसरले होते.

मी चाळीत वाढलेली बाई, मला हीच पद्धत माहीत होती. आमच्याकडे दोन खोल्यांमध्ये एक पत्रा. खाली लूम चालू असले की गुपितसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. पलीकडचीचा नवरा तिला काय बोलला ते आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येतं, आणि सकाळी आई तिच्याकडून कढीपत्ता मागताना जणू काही ऐकलंच नाही असं वागते. ज्याचं नाही त्याने ऐकायचं नाही, असा आमचा कायदा. मी तोच कायदा कोडमध्ये लिहिला होता, आणि तो दादाने पाळावा अशी माझी अपेक्षा होती!

मी उठून सीपीयूची पिन उपटली. भावंडांचे फोन येत राहिले, मी सांगितलं लाइट गेली. मग ध्यानात आलं, तिला कळवायचा एकमेव रस्ता मीच बंद केला आहे. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. ती आता थेट पुढच्या शुक्रवारी गेम उघडणार. पत्र टाकावं तर ते कुणाच्या हातात पडेल? स्वतः जावं, तर माझ्या मागून कोण येईल?

दादाने वाचलं असेल का? रात्रभर हेच. त्याला इंग्रजी नीट येत नाही, लॉग बघून त्याने कंटाळून सोडून दिलं असेल. पण आम्ही चिठ्ठ्या इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिल्या होत्या. त्याने एक ओळ जरी नीट वाचली, तरी खेळ खलास.

शनिवारी मी आजारी असल्याचं ऑफिसात कळवून वज्रेश्वरीची एसटी धरली. दादाला सांगितलं, तुझा गेम नीट करायला येते. तो म्हणाला, "ये की. त्यात विचारायचं काय?" हे तो नेहमीसारखंच म्हणाला की वेगळं, याचा मी पूर्ण रस्ता कीस पाडला. अंबाडी गावाच्या पुढे मला उलटी झाली. कंडक्टरने खिडकीजवळ बसवलं आणि विचारलं, "दर्शनाला चाललात का, ताई?" मी हो म्हटलं.

दुकानात दादा एकटाच होता. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टूल ओढून अगदी शेजारी बसला. मी लॉगचा फोल्डर उघडला. तिथे कालचीच नाही, मागच्या सगळ्या शुक्रवारांच्या फाइली तारखांसकट ओळीने होत्या. हा गेम जुन्या नोंदी टाकून देत नाही, त्या दाबून बांधून ठेवतो. मला ते माहीत होतं, पण आजवर त्याची भीती वाटायचं कारण नव्हतं.

"ह्ये काय?" दादाने विचारलं.

"कचरा," मी म्हटलं. "ह्यानेच गेम जड होतो."

"मंग काढ."

मी काढला. दोनदा भलतीकडेच दाबलं गेलं. फोल्डर रिकामा झाला, आणि तेवढ्यात दादा सहज म्हणाला, "मी उघडून बघितली व्हती काल ती फाइल. इंग्रजीच इंग्रजी. मदी मदी मराठी पन व्हती वाटतं."

काहीतरी बोलायला हवं होतं. "हो, बैलांना नावं दिलीत मी मराठीत," असं मी म्हणाले.

"हां," दादा म्हणाला.

एक म्हातारे गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले म्हणून तो उठला. त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला, त्याने बघितला आणि परत ठेवला. तेव्हा मला आठवलं. फाइल त्याने मला फोनवरून पाठवली होती. कॉम्प्युटर मी धुऊन काढला तरी ती त्या खिशात होती, आमच्या दोघांच्या बोलण्यात, "तुजं बैल मेलं"च्या वर. ती मी कशी काढणार होते? त्याचा फोन मागायची माझी हिंमत नव्हती. माझा फोन मात्र त्याने न विचारता घेतला होता. मला त्या क्षणी इतका राग आला की भीतीसुद्धा बाजूला झाली. पण तो आला आणि स्टुलावर बसला, तशी ती जागेवर परत आली.

दुपारी मावशी डबा घेऊन आली. मला बघून तिला बरं वाटलं. वाळली होती. तिने मला तिच्या हाताने भाकरी वाढली आणि दादा हात धुवायला मागे गेला तेव्हा हळूच विचारलं, "तुला काय फोन करते का गं बाय? खरं सांग. मी कोनाला बोलनार न्हाय."

"नाही, मावशी."

"जेवती तरी आसल ना?"

मी म्हटलं, "जेवत असेल." याहून वाईट मी कधी कुणाशी वागलेले नाही. तिला सांगायला हवं होतं, आणि तिला सांगितलेलं दादाला कळायला एक जेवण पुरलं असतं.

पुढचे सहा दिवस मी कोड दुरुस्त केला. दुरुस्ती दहा ओळींची होती. चिठ्ठी कुणाची हे आता सर्व्हरने बघायचं आणि फक्त त्याच एकाला पाठवायची. बाकीच्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत ती जाताच कामा नये. दहा ओळी मी सहा दिवस तपासत बसले. ऑफिसातला लॅपटॉप मागून आणला, माझा एक, तो दुसरा, मध्ये सीपीयू. एकीकडून चिठ्ठी टाकायची, दुसरीकडच्या नोंदी उघडून बघायच्या. काही नाही. पुन्हा टाकायची. काही नाही. आधी हे केलं असतं तर, हे वाक्य त्या आठवड्यात मी किती वेळा म्हटलं असेल! बाहेर बाइक थांबली की मी खिडकीशी जायचे. फोन वाजला की आधी मावशीचा नाही ना ते बघायचे. कुठून तरी बातमी येणार, सापडली, आणली, असंच वाटायचं.

शुक्रवारी मी सर्व्हर सुरू केला आणि आत यायची परवानगी फक्त दोघींना ठेवली. दोन वाजता ती आली. आमच्या ठोकळ्यांच्या गावात दुसरं कुणी नव्हतं. लूम चालू होते, कुंडातून वाफा निघत होत्या. मी तिला सगळं लिहिलं. माझी चूक काय, फाइल कुठे गेली, दादा काय म्हणाला, सगळं, काही न लपवता.

मग चिठ्ठी आली, "वाचलंय त्याने?"

"माहीत नाही."

"तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते लिहायला मला पाच मिनिटं लागली. मी लिहिलं, "वाचलंय."

"आज सोडते खोली," ती म्हणाली. नोकरीचं काय, सामानाचं काय, एकटी कुठे जाशील, मी भराभर विचारत सुटले. शेवटी मी लिहिलं, पोचलीस की मला कळव, आता चिठ्ठी पक्की सुरक्षित आहे, मी स्वतः तपासली आहे.

तिचं उत्तर आलं, "न्हाय. तुला पन न्हाय सांगनार. कोड नीट केलास, पन तुज्या तोंडावर सगळं दिसतं." त्याखाली आणखी एक ओळ आली, "रागवू नको." आणि ती बाहेर पडली. त्यानंतर ती त्या सर्व्हरवर आली नाही.

मी रागावले. खूप रागावले. तिच्यापायी मी काय काय सोसलं, आणि हिने मला दादाच्या रांगेत बसवलं, असं मनाशी म्हणत मी दोन दिवस धुसफुसत होते. आईने कुरडयांचा डबा उघडला तेव्हा मी तिच्यावर विनाकारण ओरडले.

सोमवारी मी कामावरून आले, तर दादा आमच्या खोलीत बसला होता. वडील होते, आई होती. त्याच्या पायांवर प्रवासाची धूळ होती. मी आत आल्यावर त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"जाऊन आलो," तो म्हणाला.

"कुठे?"

त्याने गावाचं नाव घेतलं. मग वसतिगृहाचं. मग म्हणाला, "परवा ती फाइल परत उघडून वाचली. गिरनीच्या कोपऱ्यावर. खोली रिकामी व्हती. शुक्कारी संध्याकाळी सोडली म्हनं."

आईने माझ्याकडे बघितलं. वडिलांनी बघितलं नाही. दादा उठून माझ्यासमोर आला, इतका जवळ की त्याच्या शर्टाला येणारा एसटीचा वास मला आला, आणि त्याने विचारलं, "आता कुठं हाय ती?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी काहीच आवरलं नाही, काहीच झाकलं नाही. बघ म्हटलं, किती बघायचंय ते बघ. बऱ्याच वेळाने त्याचे खांदे खाली आले. "खरंच म्हायती न्हाय हिला," तो वडिलांना म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.